एका माणसाचा भात

हे प्रकरण एका मुलीचं आहे. तिच्या संमतीनं लिहिते आहे. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली. नाव देत नाही. बालगृहातल्या लहान मुली तिला 'मोठी' म्हणायच्या, इथेही तिला मोठीच म्हणते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसोबत मी ठाणे आणि नवी मुंबईत काम करते. मोठीच्या बाबतीत आमच्याकडून ज्या दोन चुका झाल्या, त्या मोकळेपणानं मांडाव्यात म्हणून हा खटाटोप.

आधीची गोष्ट

१ जून २०२३ हा कागदोपत्री तिचा अठरावा वाढदिवस. महाराष्ट्रात ज्यांची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, त्यांचा वाढदिवस बहुधा १ जूनलाच येतो. शाळेत नाव घालताना गुरुजी हीच तारीख टाकत आले. मोठी २०१२ मध्ये कल्याण स्टेशनवर सापडली, तेव्हा तिचं वय अंदाजे सात. आईचं पहिलं नाव आठवत होतं, गावाचं नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशानं ती ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात आली आणि पुढची अकरा वर्षं तिथेच राहिली. दहावी झाली, आयटीआयमधून 'कोपा' हा कॉम्प्युटर चालवण्याचा एक वर्षाचा कोर्स झाला. इंग्रजी टायपिंग चांगलं, स्वभाव गप्प.

अठरा पूर्ण झाल्यावर काय, याचं उत्तर कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत 'अनुरक्षण' ही तरतूद आहे: संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाला १८ ते २१ या वयात आधार द्यावा, खास परिस्थितीत तो आणखी दोन वर्षं वाढवावा. मात्र आर्थिक मदतीबद्दलच्या कलमात 'देता येईल' असा शब्द आहे, 'दिलीच पाहिजे' असा नाही. या एका क्रियापदावर किती मुलांचे किती महिने जातात, हे आम्ही रोज पाहतो. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मुलांना दरमहा ४,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मोठीचा अर्ज आम्ही मार्चमध्ये भरला. पहिली रक्कम तिच्या खात्यात आली डिसेंबरमध्ये. कारण साधं होतं. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावाचं एक स्पेलिंग होतं, आधारवर दुसरं, आणि बँकेतलं खातं अजून अल्पवयीनाचंच होतं. अधीक्षिकांच्या सहीनं चालणारं खातं स्वतःच्या नावावर करायला नवे फोटो, नवी केवायसी, नवी सही लागते. मोठीला सहीच नव्हती. अकरा वर्षांत कुणी तिला सही करायला लावलीच नव्हती. पहिल्यांदा तिनं फॉर्मवर शाळेच्या वहीत लिहितात तसं गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

अनुरक्षणगृहात जागा मिळवता आली असती, पण तिनं नाही म्हटलं. "ताई, पुन्हा घंटा नको." संस्थेतल्या एक-दोघींना तिचं लग्न लावून द्यावं असं वाटत होतं, एक स्थळही सुचवलं गेलं. संस्थेतल्या मुलींचं 'पुनर्वसन' म्हणजे लग्न, ही समजूत अजून गेलेली नाही. तिनं त्यालाही नकार दिला. तिला नोकरी हवी होती आणि राहायला खोली.

आमची तयारी

मार्च ते मे आम्ही बालगृहात जीवनकौशल्यांची बारा सत्रं घेतली. बजेट कसं करावं, बँकेची स्लिप कशी भरावी, मुलाखतीत काय बोलावं, आजारी पडल्यावर कुठे जावं. मोठीनं सगळ्या वर्कशीट नीट भरल्या. 'पगार १५,०००: भाडे, किराणा, प्रवास, बचत' या तक्त्यात तिची बेरीज कधी चुकली नाही. मी अहवालात 'तयारी उत्तम' असं लिहिलं.

बालगृहातलं जगणं मी रोज पाहत होते, तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. सहाला घंटा, आठला नाश्ता, दहाला दिवा बंद. काय खायचं, कधी झोपायचं, कोणता फ्रॉक घालायचा, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. तिनं कधी कुलूप लावलं नव्हतं, कारण किल्ली तिच्याकडे कधी नव्हतीच. ती कधीही एकटी झोपली नव्हती, कारण हॉलमध्ये अठ्ठावीस मुली असायच्या. तक्त्यातली बेरीज येणं वेगळं. सकाळी उठून 'आज काय करू' हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय हवी ना, तिचा एकही धडा आमच्याकडे नव्हता.

स्वयंपाकाचंच घ्या. 'स्वयंपाक येतो का?' या चौकटीत आम्ही बिनधास्त टिक केली, कारण सुट्टीच्या दिवशी ती बालगृहाच्या स्वयंपाकघरात साठ माणसांची आमटी करायची. पुढे घणसोलीत भाड्याची खोली मिळाली, तिथे पहिल्या रात्री तिनं भात लावला. तीन मुलींसाठी. तो दोन दिवस पुरला, मग आंबला. पातेलंभर तांदळाचा अंदाज तिला पक्का होता. तीन माणसांचा, किंवा एका माणसाचा भात किती, हे ठाऊक नव्हतं. मीठही तसंच पडायचं, मूठभर.

खोली

नोकरी तशी लवकर मिळाली. महापे एमआयडीसीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅचच्या नोंदी करायच्या. ठरलेला पगार १६,०००. खोली मात्र मिळेना. ऐरोलीत दोन, कोपरखैरण्यात एक, घणसोलीत एक अशा चार जागा हातातून गेल्या, आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न आडवा आला: "गाव कुठलं? आईवडील काय करतात?" आपल्याकडे ओळख तिथूनच सुरू होते. माणूस दहा मिनिटं भेटला तरी गाव विचारतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण 'बालगृह' हा शब्द ऐकल्यावर चौघांचेही चेहरे बदलले.

पाचव्या जागेच्या वेळी मी मोठीला सांगितलं, "आईवडील जुन्नरकडे असतात असं सांग. पुढचं पुढे बघू." ही आमची पहिली चूक, आणि ती पूर्णपणे माझी. खोली मिळाली. घणसोली गावठाणातल्या एका आगरी कुटुंबाच्या घरावरची वन रूम किचन, भाडं ९,००० आणि अनामत ३०,०००. अनामत आम्ही देणगीदारांकडून उभी केली. माणगाव आणि महाडकडच्या दोन मुली आधीपासून तिथे होत्या, मोठी तिसरी. प्रत्येकीच्या वाट्याला ३,००० रुपये आणि विजेचं बिल. खाली घरमालकीण काकी, त्यांची सून, दोन नातवंडं.

पहिल्या रविवारी सकाळी नऊला मोठीचा फोन आला. "ताई, मी दुकानात जाऊ?" काय आणायचंय, असं मी विचारलं. साबण. मी 'जा' म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा मला त्या फोनचं कौतुक वाटलं, की मुलगी विश्वासानं विचारते. आज तोच फोन आठवला की वाटतं, मी 'तू ठरव' म्हणायला हवं होतं.

पहिला पगार

जुलैचा पूर्ण पगार ७ ऑगस्टला आला: १३,८८०. सोळा हजारांतले दोन हजार गेले कुठे, हे तिनं विचारलं नाही आणि मीही नाही. तो विषय पुढे येईल.

ऑगस्टअखेर, राखीपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, मोठी ठाण्याला आली. स्टेशनबाहेरच्या बाजारातून तिनं अकरा मुलींसाठी सँडल, क्लिपा, दोघींसाठी दप्तरं घेतली आणि दोन पिशव्या भरून बालगृहात नेल्या. ५,४०० रुपये. १ सप्टेंबरला भाड्याचा तिचा वाटा तिच्याकडे नव्हता. तो दोघी मैत्रिणींनी भरला आणि त्यातल्या एकीनं मला फोन केला.

मी चिडले. बारा सत्रं, इतक्या वर्कशीट, आणि पहिल्याच पगारात असं! ३ सप्टेंबरला मी घणसोलीला गेले, तिच्याशी तासभर बोलले. खरं म्हणजे मीच बोलले, ती ऐकत होती. निघताना तिचं एटीएम कार्ड 'थोडे दिवस सांभाळते' म्हणून मी माझ्या पर्समध्ये टाकलं. दर रविवारी खर्चाला रोख पैसे द्यायचे, असं ठरवलं. तिनं मान डोलावली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

त्या ५,४०० रुपयांकडे मी 'पैशाचं भान नाही' या नजरेनं पाहिलं. ज्या घरात थोरली बहीण पहिला पगार आणते तिथे काय होतं? धाकट्यांना काहीतरी मिळतं, देवापुढे पेढे ठेवले जातात, सगळे कौतुक करतात. मोठीनं तेवढंच केलं होतं. त्या अकरापैकी तिघींच्या वेण्या तिनं पाच-सहा वर्षं घातल्या होत्या. आमच्या तक्त्यात भाडं, किराणा, प्रवास, बचत अशा चार ओळी होत्या आणि 'आपली माणसं' अशी एकही नव्हती. ती ओळ आम्ही विसरलो, कारण या मुलांना माणसं नसतात असं आम्हीही मनात कुठेतरी धरून चाललो होतो.

गणपतीतल्या रात्री

२०२३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. १७ तारखेच्या रविवारी दोघी मैत्रिणी कोकणात गेल्या. अर्धी नवी मुंबई त्या आठवड्यात गावी जाते. मोठी खोलीत एकटी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिल्या रात्री तिनं ट्यूबलाइट चालू ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या रात्रीपासून ती अंधार पडला की घणसोली स्टेशनवर जाऊन बसायची. तिथे लोक असायचे, गाड्यांचा आवाज असायचा. प्लॅटफॉर्म रिकामा व्हायला लागला की परत. ऑफिसात ती झोपेतच काम करत होती.

तिनं खाली काकींना का सांगितलं नाही? कारण काकी दोनदा विचारून गेल्या होत्या, "तू का नाय गेलीस गावाला? गणपती नाय बसत का तुमच्याकडं?" आम्ही शिकवलेलं खोटं त्या सणात उघडं पडणार होतं, म्हणून ती जिन्यावरून उतरतानासुद्धा काकींचा डोळा चुकवत होती. तिनं मला फोन का केला नाही? हे मी तिला नंतर विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "तुम्ही म्हणाला असता, एवढंही जमत नाही का. आणि कार्डही परत दिलं नसतं."

मदत मागायची दोन दारं होती. दोन्ही आम्हीच बंद केली होती.

२० तारखेच्या रात्री ती ट्रान्सहार्बरची गाडी पकडून ठाण्याला आली आणि दहाच्या सुमारास बालगृहाच्या फाटकावर उभी राहिली. पर्समध्ये १४० रुपये. रखवालदार ओळखीचा होता, त्यानं पाणी दिलं, पण आत घेता येईना. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला रात्री बालगृहात ठेवता येत नाही. नियम योग्यच आहे, आतल्या मुलींच्या सुरक्षेसाठी आहे. पण अकरा वर्षं ज्या दारातून आत-बाहेर केलं, त्याच दाराबाहेर ती पायरीवर बसली होती. अधीक्षिकांनी मला फोन केला. मी गेले, रिक्षा केली आणि आम्ही दोघी घणसोलीला निघालो. कळवा पूल गेला, विटावा गेलं, तरी कुणी बोललं नाही. ऐरोलीच्या पुढे मी म्हटलं, "कार्ड मी घ्यायला नको होतं." ती बाहेर बघत होती.

काकी जाग्याच होत्या. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, तयारी चालू होती. मी तिथेच, ओट्यावर उभी राहून, सगळं खरं सांगितलं. काकी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मोठीला म्हणाल्या, "अगो बाय, हाक मारायची व्हती ना!" आणि सुनेला गादी घालायला सांगितली. त्या रात्री मोठी खालच्या खोलीत गणपतीसमोर, काकींच्या नातवंडांशेजारी झोपली. सकाळी नऊपर्यंत उठली नाही.

पुढे दोन दिवसांनी काकी माझ्यावर चांगल्याच उखडल्या, हेही नोंदवायला हवं. "पोरीला खोटं बोलायला तुमी लावलंत. मी खोली दिली नसती असं तुमीच ठरवलंत ना?" मला उत्तर नव्हतं. कदाचित त्यांनी दिली नसती, कदाचित दिली असती. विचारलंच नाही तर कळणार कसं?

दुरुस्ती

२४ सप्टेंबरला कार्ड परत दिलं आणि माफी मागितली. ते पुरेसं नव्हतं. पुढचे दोन महिने ती माझ्याशी 'हो ताई, नाही ताई' एवढंच बोलत होती. विश्वास परत यायला तेवढा वेळ लागला.

सत्रं बंद केली. त्याऐवजी जे काम समोर येईल तेच शिकवायचं, आणि ते तिनंच करायचं. मी शेजारी बसायची. खर्चाच्या वहीत तिनं पाचवी ओळ स्वतःच्या हातानं घातली: 'बहिणी, ५००'. महिन्याला पाचशे ठरले, आणि त्या ओळीवर मी आजवर एक शब्द बोललेले नाही. दिवाळीत तिनं तीन महिन्यांचे एकदम साठवून दिले. घर चालवायला हिशेब लागतो हे तिला या ओळीमुळे पटलं, असं माझं मत आहे. स्वतःसाठी बचत करायची तिला घाई नव्हती. धाकट्यांना दिवाळीला काय द्यायचं, याची होती.

रात्रीची भीती एकदम गेली नाही. काकींशी ठरलं, की ती एकटी असेल त्या रात्री खाली झोपायला येईल किंवा काकींची थोरली नात वर जाईल. कुणाला हे 'परावलंबन' वाटेल. मला वाटत नाही. आमच्या चाळीत मी स्वतः अशीच वाढले. आईबाबा गावी गेले की शेजारच्या मावशींकडे झोपायचं, आणि मला त्याबद्दल कुणी कौशल्यं शिकवायला आलं नाही.

भातही काकींकडेच सुटला. आमच्या वर्कशीटमध्ये 'प्रतिव्यक्ती अमुक ग्रॅम' असं होतं. काकींनी तिचीच मूठ तिच्यासमोर धरली. "तुझी एक मूठ, वर अजून थोडं. पाणी बोटाच्या पयल्या पेरापर्यंत." तांदळाची भाकरी मात्र अजून थापताना फाटते.

नोव्हेंबरमध्ये पगाराची स्लिप आम्ही पहिल्यांदा नीट वाचली. १६,००० मधून भविष्य निर्वाह निधीचे १,८००, म्हणजे मूळ पगार १५,००० च्या १२ टक्के. कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) पाऊण टक्क्यानं १२०. आणि व्यवसाय कर २००. शेवटच्या ओळीवर मी थांबले. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर माफ आहे. मोठीच्या पगारातून तो जुलैपासून कापला जात होता. मी फोन करते म्हणाले. ती म्हणाली, "नको. मी विचारते." दोन दिवस तिनं वाक्य पाठ केलं, मग अकाउंट्सच्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. चूक झाली होती, त्यानं मान्य केली, आणि पुढच्या पगारात चार महिन्यांचे ८०० रुपये जमा झाले. तिच्याबरोबरच्या आणखी तीन मुलींचेही. त्या रात्री तिचा फोन आला, आणि सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच ती आपणहून वीस मिनिटं बोलली. माझ्या लेखी या प्रकरणाचा काटा तिथे फिरला. अकरा वर्षं जिला कुणालाही 'हे चुकलंय' म्हणायची मुभा नव्हती, तिनं ते म्हटलं आणि आकाश कोसळलं नाही.

एक रकाना बरेच दिवस रिकामा होता. भविष्य निर्वाह निधीच्या फॉर्मवर वारसाचं नाव आणि नातं लिहायचं असतं. कुटुंब नसलेल्या सभासदाला कुणाचंही नाव देता येतं. पुढे लग्न झालं, कुटुंब झालं, तर ते नामांकन रद्द होऊन नवीन करावं लागतं. मोठीनं हे समजून घेतलं आणि फॉर्म पर्समध्ये ठेवून दिला. सात महिने.

कागदांबद्दल थोडं

जे अशा मुलांसोबत काम करतात त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण आहे. अमृता करवंदे या स्वतः संस्थेत वाढलेल्या तरुणीनं तो प्रश्न लावून धरला होता. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. मूल संस्थेत असतानाच त्याच्या मागे लागा. फाइल तिथे असते, माणसं तिथे असतात. बाहेर पडल्यावर एकेका झेरॉक्ससाठी नोकरीवर खाडा करावा लागतो. आधार, शाळेचा दाखला आणि बँक या तिन्हींवरचं स्पेलिंग सोळाव्या वर्षीच जुळवून घ्या. आणि सही. सही करायला शिकवा.

आता

जून २०२५ मध्ये मोठीला वीस पूर्ण झाली. नोकरी तीच आहे, पगार थोडा वाढला आहे. दोघींपैकी माणगावच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, त्यामुळे भाड्याचे वाटे पुन्हा मांडावे लागतील. ही काळजी तिला आहे, मलाही आहे. किल्ली तिनं आतापर्यंत चार वेळा हरवली. एक जादा किल्ली काकींच्या देव्हाऱ्यात असते.

बालगृहातल्या सोळा-सतरा वर्षांच्या तीन मुली रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एका रविवारी मोठीच्या खोलीवर येतात. पहिल्या वेळी मी तयारीनं गेले होते, पिशवीत तक्ते होते. मोठीनं त्यातल्या एकीच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, "कुलूप उघडा, काय खायचं ते ठरवा, दुकान कोपऱ्यावर आहे. मी आणि ताई खाली काकींकडे बसतोय." वरून तासभर भांड्यांचे आवाज येत होते. मला दोनदा उठावंसं वाटलं. दोन्ही वेळा तिनं हात धरून बसवलं.

वारसाच्या रकान्यात तिनं शेवटी नाव लिहिलं. काकींच्या थोरल्या नातीचं, ती अठराची झाल्यावर. नात्याच्या रकान्यात तिनं आधी 'मैत्रीण' लिहिलं, मग काकींना दाखवायला खाली घेऊन गेली.